बुशक्राफ्टच्या सरावासाठी वेळ आणि जागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रानात सापडणाऱ्या वस्तू आणि मोजकी हत्यारे यांच्या आधारे निवारा, विस्तव, पाणी, दिशा आणि लहानसहान अवजारे यांची सोय स्वतः करता येणे, याला बुशक्राफ्ट म्हणतात. या विद्येची ओढ लागलेल्या माणसाचे पहिले गाऱ्हाणे बहुधा एकच असते: रान लांब आहे आणि सवड नाही. पुढील प्रश्न नव्याने शिकणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांची उत्तरे मी स्वतःच्या सरावातून जे उमगले त्याच्या आधारे दिली आहेत.

सराव करायचा तर दर वेळी रानातच जावे लागते का?

नाही. बुशक्राफ्टमधली सगळी कौशल्ये एका जातीची नसतात. प्रत्येक कौशल्य जागेकडून नेमके काय मागते हे एकदा नीट पाहिले, की त्यातले बरेचसे काम घरात किंवा घराच्या आसपास होण्यासारखे आहे, हे लक्षात येते. गाठी फक्त दोरी मागतात. चाकूला धार लावायला एक टेबल आणि थोडे पाणी पुरते. लाकूड कोरायला बसण्यापुरती जागा आणि खाली पडलेली ढलपी झाडून घेण्याची तयारी हवी. दिशा ओळखायला मोकळे आकाश लागते, तर झाडे ओळखायला रस्त्याच्या कडेची झाडेही चालतात. विस्तव, कुऱ्हाडीचे काम, पालापाचोळ्याचा निवारा आणि रात्रीचा मुक्काम एवढीच कामे खऱ्या अर्थाने जमीन, परवानगी आणि अख्खा दिवस मागतात. त्यामुळे ‘रानात जायला मिळत नाही म्हणून सराव होत नाही’ हे म्हणणे या शेवटच्या चार कामांपुरतेच खरे आहे. शिवाय ती कामेही तुकड्यांत फोडली, तर त्यांतले निम्मे तुकडे घरी बसून गिरवता येतात.

आठवड्याला किती वेळ दिला तर तो पुरेसा म्हणावा?

रोज दहा ते पंधरा मिनिटे, आठवड्यातून एकदा तास-दीड तास आणि महिन्या-दोन महिन्यांतून एक पूर्ण दिवस, अशी विभागणी बहुतेकांना पेलते आणि ती पुरतेही. यातला सर्वांत मोलाचा भाग रोजच्या दहा मिनिटांचा आहे, हे सुरुवातीला कोणालाच पटत नाही, आणि मलाही पटले नव्हते. मी कित्येक वर्षे वर्षातून दोन-तीनदाच सलग दोन दिवस काढून रानात जात असे, आणि दर वेळी पहिला अख्खा दिवस मागच्या खेपेला आलेले पुन्हा आठवण्यात जात असे. विस्तव पेटवता येई, पण तो पहिल्या दिवशी संध्याकाळी. ताडपत्री ताठ बसे, पण ती तिसऱ्यांदा बांधल्यावर.

यामागचे कारण जुने आणि चांगले तपासलेले आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी अर्थहीन अक्षरगट पाठ करण्याचे प्रयोग स्वतःवर केले आणि १८८५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच बैठकीत केलेल्या उजळण्यांपेक्षा तितक्याच उजळण्या काही दिवसांत विखरून केल्या तर शिकलेले अधिक टिकते, असे त्यांना आढळले होते. हाताच्या कौशल्यांनाही हे लागू पडते, असे पुढच्या अभ्यासांतून दिसून आले. गाठ एका दुपारी पन्नास वेळा मारण्यापेक्षा दहा दिवस रोज पाच वेळा मारली, तर हात पक्का बसतो. ज्याच्याकडे सलग सवड नाही त्याच्यासाठी ही खरोखरच आनंदाची बातमी आहे, कारण त्याच्याकडे जे तुकड्या-तुकड्यांचे वेळ आहेत तेच या कामाला जास्त योग्य आहेत.

नोकरी, घर आणि लहान मुले सांभाळून हे दहा मिनिटे तरी कुठून काढायचे?

दहा मिनिटे बहुतेकांकडे असतात. ती वाया जातात ती साहित्य शोधण्यात. चाकू एका खणात, दगड दुसऱ्या खोलीत आणि दोरी माळ्यावर असेल, तर दहा मिनिटांपैकी आठ मिनिटे जमवाजमवीत जातात आणि मग माणूस सरावाचा नादच सोडून देतो. म्हणून सरावाचे साहित्य एका पेटीत किंवा पिशवीत एकत्र ठेवावे, आणि त्या पिशवीत पुढच्या वेळी काय करायचे आहे याची एका ओळीची चिठ्ठी ठेवून द्यावी. ‘डाव्या हाताने बोलाइन गाठ’ किंवा ‘चाकूची टोकाकडची धार’ एवढे लिहिलेले असले तरी दुसऱ्या दिवशी विचार करण्यात वेळ जात नाही.

दुसरा उपाय म्हणजे सराव आधीपासून चालू असलेल्या एखाद्या कामाला जोडून घेणे. सहा-सात मिलिमीटर जाडीच्या दोरीचा दीड मीटरचा तुकडा कामाच्या पिशवीत असला, तर कुठेही वाट पाहताना गाठी गिरवता येतात. रोजच्या पायी येण्याजाण्याच्या वाटेवर शंभर मीटर अंतर एकदा नकाशावर मोजून घ्यावे आणि तेवढ्या अंतरात आपला डावा पाय किती वेळा टेकतो हे मोजत राहावे. बहुतेकांचा आकडा साठ ते सत्तरच्या दरम्यान येतो, आणि चढावर, उतारावर, ओझे असताना तो किती बदलतो हे महिन्याभरात अंगवळणी पडते. धुक्यात किंवा अंधारात किती चाललो हे सांगणारे याहून साधे साधन नाही, आणि त्याला वेगळा वेळ मुळीच लागत नाही. घरात लहान मुले असतील तर गाठी आणि झाडांची ओळख ही दोन कामे त्यांच्यासोबतच करावीत. मूल ‘पुन्हा दाखव’ म्हणते तेव्हा आपली उजळणीही आपोआप होते.

घरात बसून नेमके काय काय शिकता येते?

सर्वांत आधी गाठी. पन्नास गाठी अर्धवट येण्यापेक्षा पाच-सहा गाठी अशा याव्यात, की झोपेतून उठवले तरी हात चुकणार नाही. न आवळणारा फास देणारी बोलाइन, खांबाला दोरी अडकवणारी क्लोव्ह हिच, ताण कमीजास्त करता येणारी टॉट-लाइन हिच, वेगवेगळ्या जाडीच्या दोऱ्या जोडणारी शीट बेंड, आणि ताण पडला की घट्ट धरून ठेवणारी पण ताण सुटला की सरकणारी प्रुसिक, एवढ्या गाठींवर निवाऱ्याचे जवळजवळ सगळे काम भागते. यांपैकी प्रुसिक ही गाठ ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ओळखली जाते. रानात निरगाठ बसणे हा केवळ वेळेचा प्रश्न नसतो. दोरी कापावी लागली तर ती तेवढी आखूड होते आणि पुढच्या कामाला कमी पडते. म्हणून प्रत्येक गाठ मारण्याइतकाच ती सोडण्याचाही सराव करावा.

गाठ टेबलावर, उजेडात, कोरड्या दोरीने जमू लागली की ती तिथेच सोडू नये. डोळे मिटून मारावी, पाठीमागे हात नेऊन मारावी, दोरी भिजवून मारावी. नंतर दोन मिनिटे बोटे अगदी गार पाण्यात बुडवून ठेवावीत आणि लगेच मारून पाहावी. बोटे बधिर झाल्यावर दोरीचे टोक चिमटीत आहे की निसटले आहे हेच कळत नाही, फास खूप लहान होतो, आणि टोक इतके आखूड उरते की ताण पडताच गाठ उकलते. टोक निदान एक वीत लांब ठेवायचे ही सवय मला या गार पाण्याच्या भांड्यानेच लावली.

त्यानंतर धार लावणे. बोथट चाकू अधिक जोर मागतो आणि जोर लावलेला चाकू निसटला की जखम खोल होते, म्हणून धार हा सुरक्षिततेचाच भाग समजावा. सुरुवातीला साधारण ४०० आणि १००० क्रमांकाचे (क्रमांक जितका मोठा तितका दगड बारीक) दोन दगड पुरेत. पात्याचा तिरका भाग दगडावर पूर्ण टेकतो आहे की नाही हे कळण्यासाठी त्या भागावर मार्कर पेनाने शाई लावावी आणि दोन-तीन वेळा पाते हलकेच फिरवून पाहावे. शाई फक्त कडेची निघाली तर पाते जास्त उचललेले आहे; फक्त वरच्या बाजूची निघाली तर ते फारच आडवे धरलेले आहे. हे पाच मिनिटांचे निरीक्षण तासभर अंदाजाने घासण्यापेक्षा अधिक शिकवते.

नकाशावाचनही घरी चांगले होते. समोच्च रेषांवरून (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांवरून) डोंगराचा आकार डोळ्यांसमोर उभा करणे, एका ठिकाणाहून दुसरे ठिकाण उत्तरेपासून किती अंशांवर आहे तो कोन मोजणे आणि चालण्याच्या वेळेचा अंदाज बांधणे ही कामे टेबलावरचीच आहेत. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो. मेट्रिक मापांत तो साधारणपणे सपाटीवर ताशी पाच किलोमीटर आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईसाठी आणखी एक तास, असा सांगतात. आधी कागदावर अंदाज लिहावा, मग ती वाट प्रत्यक्ष चालून आपला स्वतःचा वेग त्याच्याशी ताडून पाहावा.

घर लहान आहे आणि अंगण नाही. लाकूडकाम कसे करावे?

चाकूने होणारे कोरीवकाम लहान खोलीतही होते. खाली जुनी चादर अंथरली की ढलपी गोळा करणे सोपे जाते. ओले लाकूड कोरायला मऊ असते, पण ते घरात पटकन सुकते आणि तडकते. म्हणून अर्धवट राहिलेले काम ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बंद ठेवावे, किंवा जागा असल्यास फ्रीजरमध्ये ठेवावे. लाकूड मिळवण्यासाठी जिवंत झाड तोडण्याची गरज नसते. वाऱ्याने पडलेल्या फांद्या, छाटणी झालेल्या झाडांचा ढीग आणि सुताराकडचे उरलेले तुकडे विचारून घेता येतात. कुऱ्हाडीचा आवाज भिंतीतून शेजाऱ्यापर्यंत जातो, तेव्हा ते काम बाहेरच्या दिवसासाठी ठेवलेले बरे.

बसण्याची पद्धत मात्र पहिल्या दिवसापासून योग्य हवी. पाते दोन्ही मांड्यांच्या मध्ये कधीही येऊ देऊ नये, कारण मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते आणि तिथली जखम काही मिनिटांत जिवावर बेतू शकते. कोपर गुडघ्यांवर टेकवून हात गुडघ्यांच्या पुढे ठेवावेत, किंवा काम शरीराच्या एका बाजूला घ्यावे. आपला हात चाकूसह लांब केला की तो जिथपर्यंत पोहोचतो, तेवढ्या वर्तुळात दुसरे कोणी नसावे.

विस्तव पेटवण्याचा सराव कुठे करावा?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर घाईत देऊ नये. उघडा विस्तव फक्त तिथेच पेटवावा जिथे त्याला स्पष्ट परवानगी आहे: ठरवून दिलेल्या शेकोटीच्या जागेवर, छावणीच्या मैदानावर, किंवा मालकाने होकार दिलेल्या खासगी जमिनीवर. बंद खोलीत, गॅरेजमध्ये किंवा तंबूत विस्तव किंवा धुमसते निखारे ठेवू नयेत. जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे धोका लक्षात येईपर्यंत माणूस गुंगीत गेलेला असतो.

परंतु विस्तवाचे काम फोडून पाहिले, तर ज्वाळा हा त्याचा शेवटचा आणि सर्वांत छोटा भाग आहे. पेटण्याजोगा भुसा ओळखणे, काड्यांची जाडीप्रमाणे वर्गवारी लावणे, ओल्या लाकडाच्या आतला कोरडा गाभा फोडून काढणे आणि काठीवर पातळ, कुरळ्या सालपटांचा झुबका कोरणे ही कामे ज्वाळेशिवाय होतात. त्यातही सालपटांचा झुबका हा रोजच्या सरावासाठी माझा आवडता धडा आहे, कारण त्यात चाकूची धार, मनगटाचा कोन आणि लाकडाची जात या तिन्ही गोष्टींची एकदम परीक्षा होते. पाते जवळजवळ आडवे धरून काठीच्या अंगावरून खाली नेले, की सालपट वळत जाते आणि काठीला चिकटून राहते. कोन थोडा वाढला तर ते तुटून पडते. पहिल्या आठवड्यात जमिनीवर जास्त आणि काठीवर कमी सालपटे दिसतात. जेव्हा हे प्रमाण उलटते आणि सालपटे कागदाइतकी पातळ होतात, तेव्हा त्या झुबक्यावर फेरो रॉडच्या (खरवडली की ठिणग्या देणाऱ्या धातूच्या कांडीच्या) ठिणग्या टाकून तो पेटण्याची आशा धरता येते.

परवानगी असलेल्या जागेवर पोहोचल्यावर वेळ काड्या गोळा करण्यात घालवू नये, तर घरी तयार केलेले पाच-सहा झुबके सोबत न्यावेत आणि एका दुपारी पाच-सहा वेळा पेटवणे, विझवणे, पुन्हा पेटवणे असे करावे. माझ्या मते एकच मोठी शेकोटी चार तास जळत ठेवण्यात शिकण्यासारखे फार थोडे असते.

विस्तव पेटवायला परवानगी आहे. मग कोणती खबरदारी घ्यावी?

आधी त्या दिवशी वणव्याच्या धोक्याचा इशारा किंवा बंदी आहे का हे पाहावे. असेल तर परवानगी असली तरी पेटवू नये. वर वाळक्या फांद्या नाहीत ना, खाली पालापाचोळा आणि मुळे नाहीत ना, हे बघावे. दलदलीची, कुजलेल्या वनस्पतींची काळी माती टाळावी, कारण तशी जमीन आतून धुमसत राहते आणि आग दुसरीकडे डोके वर काढते. नदीतले ओले दगड शेकोटीभोवती लावू नयेत. आतले पाणी तापून वाफ झाली की ते फुटून उडतात. पाणी पेटवण्यापूर्वीच जवळ आणून ठेवावे. विझवताना पाणी ओतावे, राख ढवळावी, पुन्हा पाणी ओतावे, आणि राखेजवळ हाताची मागची बाजू नेऊन ऊब लागते का हे पाहावे. ऊब जाणवली तर विस्तव विझलेला नाही. वरून माती लोटणे हा विझवण्याचा उपाय नाही, कारण मातीखाली निखारे तासन्‌तास जिवंत राहतात.

लाकडावर लाकूड घासून विस्तव काढण्याचा सराव लहान जागेत होतो का?

होतो, पण बाहेर, पक्क्या आणि मोकळ्या जमिनीवर, पाण्याची बादली शेजारी ठेवून. आणि निखारा तयार होईपर्यंतच. या पद्धतीत धनुकलीच्या दोरीत एक उभी दांडी गुंतवून सुताराच्या सामत्यासारखी (भोके पाडण्याच्या जुन्या हत्यारासारखी) फिरवतात, आणि खालच्या फळीतल्या खाचेत लाकडाचा जळका भुसा साचत जातो. दांडी अंगठ्याएवढी जाड आणि साधारण वीतभर लांब असावी. दांडी आणि फळी दोन्हींसाठी हलके, पूर्ण वाळलेले आणि नखाने दाबले की खळगा पडेल इतके मऊ लाकूड निवडावे.

या सरावात सगळे काही भुसा सांगतो, आणि त्याचे वाचन शिकायला घाम गाळण्यापेक्षा बारीक नजर लागते. भुसा फिकट तपकिरी आणि लोकरीसारखा भुसभुशीत असेल, तर वेग किंवा दाब कमी आहे. तो जाडाभरडा, दाणेदार असेल तर दाब जास्त आहे किंवा लाकूड योग्य नाही. भुसा बारीक आणि काळा झाला, खाच काठोकाठ भरली आणि हात थांबवल्यावरही त्या ढिगातून धुराची बारीक रेघ वर येत राहिली, तर आत निखारा धरला आहे. तेव्हा फुंकर घालण्याची घाई करू नये. हाताने हलकेच वारा घालून त्याला घट्ट होऊ द्यावे. माझे पहिले कित्येक प्रयत्न वाया गेले, कारण खाच दांडीच्या खळग्याच्या मध्यापर्यंत पोहोचत नव्हती आणि गरम भुसा एका जागी साचण्याऐवजी भोवताली पसरत होता. ताकद वाढवून तो दोष दूर होणे शक्यच नव्हते. तेव्हापासून मी दर वेळी फिरवायला सुरुवात करण्याआधी खाच नीट तपासतो. वर्तुळाचा साधारण आठवा भाग व्यापणारी आणि टोक मध्याला टेकणारी खाच असावी.

सार्वजनिक उद्यानात सराव केला तर चालतो का?

चाकू, कुऱ्हाड आणि विस्तव सोडून बऱ्याच गोष्टी चालतात, मात्र उद्यानाचे नियम आधी वाचावेत. ताडपत्री बांधायची असेल तर झाडाच्या सालीला बारीक दोरी काचू नये म्हणून खोडाभोवती रुंद पट्टा किंवा जाड कापड घालावे. होकायंत्र घेऊन ठरावीक कोनात पन्नास पावले जाणे, १२० अंश उजवीकडे वळून तितकीच पावले जाणे आणि तसेच तिसऱ्यांदा करून निघालेल्या जागी परत पोहोचणे, हा त्रिकोणाचा धडा मोकळ्या हिरवळीवर छान होतो. निघताना जमिनीवर एखादी खूण ठेवावी. शेवटी खुणेपासून किती दूर येतो यावरून आपली चूक मापता येते. हत्यार सोबत बाळगण्याचे कायदे प्रत्येक देशात निराळे आहेत. जिथे नेण्याची मुभा आहे तिथेही चाकू म्यानात घालून पिशवीच्या तळाशी ठेवावा आणि कामाच्या जागी पोहोचल्यावरच बाहेर काढावा.

खासगी जमिनीच्या मालकाकडे परवानगी कशी मागावी?

सरावाच्या जागेचा प्रश्न ज्यांनी कायमचा सोडवला आहे, त्यांपैकी बहुतेकांनी तो एका जमीनमालकाशी जुळलेल्या ओळखीतून सोडवला आहे, असा माझा अनुभव आहे. तरीही बहुतेक लोक विचारायलाच संकोचतात. ‘बुशक्राफ्ट’ हा शब्द मालकाला काहीच सांगत नाही, किंवा नको ते सांगतो. त्याच्या डोळ्यांसमोर तोडलेली झाडे आणि पेटलेले कुंपण येते. म्हणून विनंती नेमकी करावी: आम्ही दोघे येऊ, अमुक दिवशी सकाळी नऊ ते दुपारी चार, त्या कोपऱ्यातल्या झाडांखाली ताडपत्री बांधू, पडलेल्या फांद्या वापरू, जिवंत झाडाला हात लावणार नाही, आणि निघताना जागा आपल्याला दाखवू. पहिल्या भेटीत विस्तवाची परवानगी मागूच नये. दोन-तीन वेळा जागा होती तशी परत मिळाली हे मालकाने पाहिले, की तो विषय बऱ्याचदा स्वतःच काढतो.

मालकाच्या मनात ‘काही झाले तर जबाबदारी कोणाची’ ही शंका असते आणि ती रास्त आहे. आपण होऊन तो विषय काढावा आणि जे ठरेल ते दोन ओळींत लिहून दोघांनी ठेवावे. त्या बदल्यात काही काम करून द्यावे: कुंपणात अडकलेल्या फांद्या काढणे, वाट साफ करणे, कचरा गोळा करणे. यातले बरेचसे काम आपल्याला करवत आणि कुऱ्हाड चालवण्याचा सरावच देते. नकार मिळाला तर आभार मानून परतावे. नकार देणाऱ्यानेच दुसऱ्या कोणाचे नाव सुचवल्याचे मी पाहिले आहे.

सरकारी वनक्षेत्रात किंवा मोकळ्या निसर्गात कायदा काय सांगतो?

याचे एकच उत्तर नाही, आणि एका देशातली मुभा दुसऱ्या देशात गुन्हा ठरू शकते. स्वीडनमध्ये निसर्गात मोकळेपणी वावरण्याच्या हक्काचा उल्लेख १९९४ पासून राज्यघटनेत आहे. नॉर्वेत १९५७ च्या कायद्यानुसार वस्तीपासून किमान १५० मीटर दूर, पडीक जमिनीवर दोन रात्रींपर्यंत तंबू ठोकता येतो. पण त्याच देशात १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात जंगलात किंवा जंगलालगत विस्तव पेटवण्यावर सर्वसाधारण बंदी असते. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिला आहे. अन्यत्र अनेक ठिकाणी मुक्काम, विस्तव आणि लाकूड गोळा करणे यांसाठी तीन वेगवेगळ्या परवानग्या लागतात, आणि एक मिळाली म्हणजे बाकीच्या मिळाल्या असे होत नाही. संबंधित क्षेत्राच्या कार्यालयात हे तिन्ही प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. संरक्षित क्षेत्रात पडलेले वाळके लाकूडही बहुधा उचलू देत नाहीत, कारण ते कीटकांचे, बुरशीचे आणि लहान प्राण्यांचे घर असते.

एखाद्या गटात सामील व्हावे का?

जागा नसेल तर जरूर व्हावे. १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी भरवलेल्या मुलांच्या प्रायोगिक छावणीपासून स्काउट चळवळीची सुरुवात मानली जाते, आणि आज तिच्याकडे अनेक देशांत विस्तवाची सोय असलेली स्वतःची मैदाने आहेत. प्रौढांना तिथे स्वयंसेवक म्हणून जाता येते. वृक्षलागवड किंवा वनसंवर्धनाच्या स्वयंसेवी गटांतही करवत, कुऱ्हाड आणि झाडांची ओळख यांचा सराव आपोआप होतो.

पावसात, थंडीत किंवा अंधारात सराव करावा का?

करावा, आणि मुद्दाम करावा, पण परतीची वाट जवळ असताना. घरापासून दहा मिनिटांवर भिजलेल्या काड्या पेटवून पाहणे हा उत्तम धडा आहे. तोच धडा घरापासून दोन दिवसांच्या अंतरावर पहिल्यांदा घेणे धोक्याचे आहे. अंधारात ताडपत्री बांधताना कळते की दोरीचे टोक शोधण्यातच अर्धा वेळ जातो, आणि मग माणूस दोऱ्या गुंडाळून ठेवण्याची शिस्त लावून घेतो. ज्यांना दिवसा वेळ नाही त्यांना रात्रीचे आकाशही सराव देते. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितक्या अंशांवर दिसतो, जवळजवळ तितकेच त्या जागेचे अक्षांश असतात. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते. सूर्याला आकाशात दहा अंश सरकायला चाळीस मिनिटे लागतात, त्यामुळे हीच मूठ संध्याकाळी किती उजेड उरला याचाही अंदाज देते. विषुववृत्तापासून दूर सूर्य तिरका मावळत असल्याने तिथे थोडा अधिक वेळ मिळतो.

एकट्याने सराव करणे सुरक्षित आहे का?

गाठी, नकाशा आणि ताडपत्री एकट्याने खुशाल करावी. कुऱ्हाड आणि चाकूचे काम एकट्याने करायचे असेल, तर कुठे जातो आणि किती वाजता परततो हे घरच्यांना सांगून जावे, आणि रक्त थांबवण्याचे साहित्य पिशवीच्या तळाशी न ठेवता एका हाताने उघडता येईल अशा खिशात ठेवावे. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरून निदान दहा मिनिटे मध्ये न डोकावता दाब कायम ठेवणे ऐकायला सोपे वाटते. घड्याळ लावून एकदा करून पाहावे, म्हणजे दहा मिनिटे किती लांब असतात ते कळेल. प्रथमोपचाराचे शिक्षण चाकू विकत घेण्याआधी घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकाच जागी वारंवार सराव केल्याने ती जागा बिघडणार नाही का?

बिघडते. तुडवली गेलेली माती घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि झाडांच्या मुळांना त्रास होतो. म्हणून विस्तवाची जागा एकच ठेवावी, कारण जळलेली जमीन आणखी वाढवण्यात अर्थ नाही. बसण्याच्या आणि निवाऱ्याच्या जागा मात्र बदलत राहाव्यात. पालापाचोळ्याचा निवारा मोडून पाला पुन्हा पसरावा. शौचासाठी पाण्यापासून निदान ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून तो बुजवावा. कोरलेली ढलपी इतस्ततः विखरून टाकावीत. एका जागी साचलेला ढीग पुढच्या माणसाच्या नजरेला लगेच टोचतो.

प्रगती होते आहे की नाही हे कसे ओळखावे?

एक वही ठेवावी आणि तिच्यात तारीख, हवा, काय केले, किती वेळ लागला आणि काय बिघडले एवढेच लिहावे. ‘पाऊस, वारा, ताडपत्री, अकरा मिनिटे, मधली दोरी सैल’ अशी नोंद पुरते. सहा महिन्यांनी तीच ताडपत्री तशाच हवेत चार मिनिटांत बांधली गेली, तर प्रगती झाली. बांधायला अकराच मिनिटे लागली पण रात्रभर दोरी सैल पडली नाही, तरीही प्रगती झालीच. जे काम वहीत तीन महिने दिसत नाही, ते पुढच्या आठवड्याच्या चिठ्ठीवर सर्वांत वर लिहावे.